न्यायमूर्ती थर्गुड मार्शल आणि शाळेचा हिशोब



अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत येते. तो खटला लढवणारे वकील थर्गुड मार्शल यांचे नावही आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. पण त्यांचे चरित्र वाचताना माझ्यासारख्या शिक्षकाच्या मनात जे राहते ते थोडे वेगळे आहे. सरकार एका मुलावर किती पैसे खर्च करते आणि दुसऱ्यावर किती, हा साधा हिशोब या माणसाने पन्नास वर्षे न्यायालयापुढे मांडला. त्याची सुरुवात शिक्षकांच्या पगारापासून झाली, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

थर्गुड मार्शल यांचा जन्म २ जुलै १९०८ रोजी मेरिलँड राज्यातील बॉल्टिमोर शहरात झाला. वडील विल्यम रेल्वेच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम करीत. पुढे ते गोऱ्यांच्या एका क्लबात व्यवस्थापक झाले. आई नॉर्मा काळ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका होत्या. मुलाचे मूळ नाव थरोगुड. एवढे लांब नाव लिहायचा कंटाळा आला म्हणून त्याने लहानपणीच ते कापून थर्गुड केले. वडिलांना न्यायालयात जाऊन खटले ऐकण्याचा नाद होता. ते मुलांनाही बरोबर नेत आणि रात्री जेवताना त्यांच्याशी वाद घालीत. जे बोलाल त्याला आधार द्या, असा त्यांचा आग्रह असे. शाळेत थर्गुड चांगलाच व्रात्य होता. शिक्षा म्हणून त्याला देशाची राज्यघटना वाचत बसवीत. शिक्षा इतक्या वेळा झाली की शाळा संपेपर्यंत त्याला बरीचशी घटना पाठ झाली. शिक्षा म्हणून वाचन देऊ नये असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. या एका मुलाच्या बाबतीत मात्र ते लागू पडले असे म्हणावे लागेल!

पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठातून ते १९३० साली पदवीधर झाले. त्याआधीच, १९२९ मध्ये, व्हिव्हियन बरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. कायदा शिकायचा तर घराजवळचे मेरिलँड विद्यापीठ होते, पण तेथे काळ्यांना दार बंद. म्हणून ते रोज आगगाडीने वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठात जाऊ लागले. त्यांच्या फीसाठी आईने आपल्या लग्नाच्या अंगठ्या गहाण टाकल्या.

हॉवर्डमध्ये त्यांना गुरू भेटले. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे तेथील कायदा विभागाचे प्रमुख. काळ्या वकिलाने गोऱ्या वकिलापेक्षा दुप्पट तयारी केलीच पाहिजे, अशी त्यांची कडक शिस्त. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर १८६८ साली घटनेला चौदावी दुरुस्ती झाली आणि प्रत्येक माणसाला कायद्याचे समान संरक्षण मिळाले. पण १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून पळवाट काढून दिली. सोयी समान असतील तर त्या वेगळ्या ठेवायला हरकत नाही, असा तो निकाल होता. दक्षिणेकडील राज्यांनी त्यातला वेगळेपणा तेवढा घेतला आणि समानता सोडून दिली. ह्यूस्टन यांची युक्ती अशी, की आधी त्या समानतेचा हिशोब मागायचा. वेगळी शाळा ठेवता ना? मग इमारत, पुस्तके, पगार सगळे समान द्या. तो खर्च राज्यांना परवडणार नाही, आणि वेगळेपणाची भिंत आपोआप खिळखिळी होईल.

मार्शल १९३३ मध्ये वर्गात पहिले येऊन वकील झाले. दोनच वर्षांनी, ज्या मेरिलँड विद्यापीठाचे दार त्यांना बंद होते, त्याच विद्यापीठाविरुद्ध डोनाल्ड मरे नावाच्या तरुणाच्या वतीने त्यांनी ह्यूस्टन यांच्याबरोबर खटला लढवला. काळ्यांसाठी राज्यात कायद्याचे दुसरे महाविद्यालयच नव्हते. मग समानता कुठली? मरे यांना प्रवेश मिळाला. १९३६ मध्ये मार्शल एन्.ए.ए.सी.पी. या संस्थेच्या नोकरीत गेले. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी ही संस्था १९०९ साली निघाली होती.

आता पगाराची गोष्ट. मेरिलँडच्या जिल्ह्यांत काळ्या शिक्षकांचा पगार गोऱ्या शिक्षकांच्या निम्म्याच्या आसपास असे. परीक्षा तीच, प्रमाणपत्र तेच, मुलेही तितकीच. मार्शल जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले आणि आपल्या नावाने दावा लावायला तयार होतील असे शिक्षक शोधू लागले. हे काम सोपे नव्हते. व्हर्जिनियातील नॉरफोक शहरात ॲलिन ब्लॅक नावाच्या रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने १९३९ मध्ये दावा लावला, आणि शाळा मंडळाने तिला पुढच्या वर्षी नेमलेच नाही. ती शिक्षिका राहिली नाही तेव्हा तिचा दावाही टिकला नाही. मग तिच्या जागी मेल्व्हिन ऑल्स्टन हा दुसरा शिक्षक उभा राहिला. १९४० मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की वर्ण पाहून पगार कमी करणे घटनेविरुद्ध आहे. ब्लॅकबाईंना पुढे पुन्हा कामावर घेतले गेले. मोठमोठ्या निकालांच्या यादीत हा खटला क्वचितच असतो. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो, कारण एका शिक्षिकेने नोकरी पणाला लावल्यावाचून तो उभाच राहिला नसता.

ते दिवस जिवावरचे होते. दक्षिणेत काळ्या वकिलाला हॉटेलात खोली मिळत नसे. मार्शल स्थानिक कुटुंबांत मुक्काम करीत, आणि कधी कधी रात्रीतून घर बदलीत. १९४६ साली टेनेसी राज्यातील कोलंबिया गावी एक खटला आटोपून निघाले असता पोलिसांनी त्यांची मोटार अडवली, दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप ठेवला, आणि त्यांना आपल्या गाडीत बसवून नदीच्या बाजूला आडवाटेने नेऊ लागले. त्या वाटेने गेलेला काळा माणूस परत येत नसे. पण मार्शल यांच्या सहकाऱ्यांनी मागे हटायचे नाकारले आणि आपली मोटार त्या गाडीच्या मागोमाग नेली. साक्षीदार पाठीशी आहेत म्हटल्यावर पोलीस गावाकडे वळले. दंडाधिकाऱ्याने मार्शल यांच्या श्वासाचा वास घेतला, दारू नाही असे पाहिले आणि सोडून दिले. ही हकिकत ते पुढे अगदी हसत हसत सांगत म्हणे. गोष्टी सांगण्यात त्यांचा हातखंडा होता.

या सगळ्या काळात त्यांनी सर्वोच्च न्यायालयात ३२ खटले चालवले आणि त्यांतले २९ जिंकले. १९४४ मध्ये टेक्सासच्या पक्षांतर्गत निवडणुकीत काळ्यांना मत देण्याचा हक्क मिळाला. १९५० मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा येथील विद्यापीठांचे निकाल लागले. पण शाळांचा मोठा खटला आला तो एका बसमधून.

साउथ कॅरोलिना राज्यातील क्लॅरेंडन हा कापूस पिकवणारा जिल्हा. गोऱ्या मुलांना सरकारी बस होत्या, काळ्या मुलांना एकही नाही. काही मुले मैलोगणती चालत शाळेला जात. आईबापांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली, ती सारखी बंद पडे. सरकारने निदान एक बस द्यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. १९४७ साली लिव्हाय पिअर्सन या शेतकऱ्याने अर्ज केला. त्याची जमीन दोन शाळाक्षेत्रांच्या हद्दीवर येते असे कारण काढून त्याचा दावा फेटाळला गेला. मार्शल यांनी सांगितले, की आता एकट्यादुकट्याचा दावा नको, वीस नावे आणा. गावकऱ्यांनी नावे आणली. यादीवर पुढे नाव होते हॅरी ब्रिग्ज यांचे. ते पेट्रोलपंपावर काम करीत. त्यांची नोकरी गेली. त्यांची पत्नी एलायझा मोटेलात साफसफाई करी, तिचीही गेली. लोकांना धीर देणारे पाद्री व शिक्षक जोसेफ डीलेन यांचे घर जळून खाक झाले.

त्या जिल्ह्याचा १९४९–५० सालचा हिशोब न्यायालयापुढे आला. गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर, काळ्या मुलामागे ४३ डॉलर.

येथे मार्शल यांना मोठा निर्णय घ्यायचा होता. एवढा उघड हिशोब हाती असताना समान बस, समान शाळा मागितल्या असत्या तर विजय जवळजवळ ठरलेलाच होता. पण न्यायाधीश वेटीज वॉरिंग यांनी त्यांना सुचवले, की आता वेगळेपणालाच हात घाला. मार्शल यांनी ते मानले. केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींच्या बाहुल्यांच्या प्रयोगाचा त्यांनी आधार घेतला. क्लॅरेंडनच्या सोळा काळ्या मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवली तेव्हा अर्ध्याहून अधिक मुलांनी गोरी पसंत केली. मार्शल यांचे काही सहकारी या बाहुल्यांना हसले. बाहुल्या घेऊन कोणी वकील न्यायालयात जातो काय! ते मात्र ठाम होते. वेगळेपणाने मुलाच्या मनाचे काय होते, हे पैशांच्या रकान्यात दिसत नाही, आणि तेच त्यांना दाखवायचे होते.

१९५१ मध्ये क्लॅरेंडनचा खटला ते दोन विरुद्ध एक असा हरले. विरोधी मत वॉरिंग यांचेच. मग तो आणखी चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला. कॅन्ससमधील टोपेका शहराच्या खटल्यावरून सर्वांना ब्राऊन खटला हे नाव पडले. समोर जॉन डब्ल्यू. डेव्हिस यांच्यासारखा देशातला नामांकित वकील उभा होता. १७ मे १९५४ रोजी मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरेन यांनी निकाल वाचला. नऊच्या नऊ न्यायाधीशांचे एकमत होते.

पुष्कळ चरित्रे येथेच टाळ्या वाजवून थांबतात. पुढचे वर्ष मार्शल यांच्यासाठी फार कठीण गेले. फेब्रुवारी १९५५ मध्ये व्हिव्हियनबाई कर्करोगाने वारल्या. मे महिन्यात न्यायालयाने अंमलबजावणीचा दुसरा निकाल दिला आणि त्यात तारीखच घातली नाही. मार्शल यांनी तारीख मागितली होती. तारीख नसलेल्या हुकुमाचे काय होते, हे कोणत्याही कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला सांगायला नको. दहा वर्षांनंतरही दक्षिणेत शंभरांतली जेमतेम दोन काळी मुले गोऱ्यांबरोबर शिकत होती. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड जिल्ह्याने तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सरकारी शाळांना टाळे ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाल्या, काळी मुले घरी बसली. जिथे शाळा एकत्र झाल्या तिथे बहुधा काळ्यांची शाळा बंद झाली, आणि तिच्याबरोबर हजारो काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक बेकार झाले. ज्यांच्या पगारासाठी मार्शल एके काळी गावोगाव हिंडले, त्यांच्यातल्याच अनेकांची नोकरी त्यांच्या सर्वांत मोठ्या विजयानंतर गेली. त्या निकालाची ही किंमत मुलांना शिकवताना आपण बहुधा सांगत नाही. सांगायला हवी असे मला वाटते.

१९५५ च्या अखेरीस त्यांनी सिसिलिया सुयात यांच्याशी विवाह केला. या बाई आपल्यासारख्याच उसाच्या बेटावरच्या. हवाई बेटांपैकी माउई येथे, फिलिपाइन्समधून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. त्यांना दोन मुलगे झाले.

मार्शल यांच्या आयुष्यातील एक अध्याय हिंदी वंशाच्या वाचकांनी मुद्दाम ठाऊक करून घ्यावा असा आहे. १९६० साली केनियाच्या नेत्यांनी त्यांना घटनेच्या कामासाठी सल्लागार म्हणून बोलावले. लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये परिषद भरली, आणि मार्शल यांनी केनियासाठी मूलभूत हक्कांचा मसुदा तयार केला. गंमत अशी, की जन्मभर अल्पसंख्य काळ्यांसाठी भांडलेला हा वकील तेथे अल्पसंख्य गोऱ्यांच्या आणि आशियाई लोकांच्या हक्कांचा विचार करीत होता. आशियाई म्हणजे मुख्यतः गुजराती, पंजाबी आणि गोवेकर व्यापारी, कारागीर, कारकून. बहुसंख्य कोणीही असो, थोड्यांना कायद्याचे कुंपण हवेच, अशी त्यांची भूमिका होती. १९६३ मध्ये ते पुन्हा केनियात गेले तेव्हा आशियाई व्यापाऱ्यांना परवान्यांत त्रास होत असल्याचे त्यांच्या कानी आले, आणि त्यांनी त्याबद्दल नापसंती दाखवली. तरी १९६७ चे व्यापार परवान्यांचे आणि स्थलांतराचे कायदे आलेच, आणि हजारो आशियाई कुटुंबांना केनिया सोडावा लागला. आपल्या मॉरिशसच्या घटनेची परिषदही त्याच लँकेस्टर हाउसमध्ये १९६५ साली भरली होती, आणि आपल्या १९६८ च्या घटनेतही मूलभूत हक्कांचे प्रकरण आहे.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये मार्शल यांना अपील न्यायालयावर नेमले. दक्षिणेच्या सिनेटरांनी ती नेमणूक वर्षभर रखडवली. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये त्यांना सरकारचे सॉलिसिटर जनरल केले आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर नेमले. सिनेटने ६९ विरुद्ध ११ मतांनी मान्यता दिली. त्या न्यायालयाचे ते पहिले काळे न्यायाधीश.

पण न्यायालयाचा वारा लवकरच फिरला. नवे न्यायाधीश आले आणि मार्शल यांचे मत अधिकाधिक वेळा विरोधी मत म्हणून नोंदले जाऊ लागले. फाशीची शिक्षा घटनेत बसतच नाही, असे ते प्रत्येक खटल्यात लिहीत राहिले. माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे विरोधी मत १९७३ चे आहे.

अमेरिकेत सरकारी शाळांचा मोठा खर्च त्या त्या भागातील घरांवरच्या करातून भागवला जातो. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात एजवूड हा मेक्सिकन वंशाच्या गरीब लोकांचा भाग आणि अलामो हाइट्स हा श्रीमंतांचा. एजवूडचे लोक कराचा दर अधिक देत. तरी घरेच स्वस्त म्हणून स्थानिक करातून मुलामागे २६ डॉलर जमत. अलामो हाइट्समध्ये दर कमी असून ३३३ डॉलर. राज्य आणि केंद्राची मदत धरूनही १९६७–६८ साली एका ठिकाणी ३५६ डॉलर आणि दुसऱ्या ठिकाणी ५९४ डॉलर अशी तफावत राही. पत्र्याचे काम करणारे कारागीर डेमेट्रियो रॉड्रिगेझ यांच्या मुलांच्या शाळेत वरच्या मजल्यावर वटवाघळे राहत होती. रॉड्रिगेझ आणि इतर पालकांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयात ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. शिक्षण हा केंद्रीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल हे पूर्वी रिचमंड शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. मार्शल यांनी लांबलचक विरोधी मत लिहिले. शेजाऱ्याच्या घराची किंमत काय आहे यावर मुलाचे शिक्षण ठरावे, हे त्यांना समान संरक्षणाशी विसंगत वाटले. मतदान आणि भाषणस्वातंत्र्य हे हक्क मानायचे आणि ते वापरायला शिकवणारे शिक्षण मात्र नाही, हे त्यांना पटेना. क्लॅरेंडनचा तोच हिशोब पुन्हा आला होता. या वेळी कायद्यात वर्णाचे नाव नव्हते एवढेच.

१९७८ मध्ये ॲलन बाकी या गोऱ्या विद्यार्थ्याचा खटला आला. कॅलिफोर्नियातील एका वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरांपैकी सोळा जागा अल्पसंख्याकांसाठी ठेवल्या होत्या. भारताच्या घटनेत १९५१ साली मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीचे कलम स्पष्टपणे घातले गेले. अमेरिकेच्या घटनेत तसे काही नाही, म्हणून दोन्ही बाजू त्याच चौदाव्या दुरुस्तीवर भांडतात. न्यायालयाने राखीव जागा रद्द केल्या, पण प्रवेशात वर्णाचा थोडाफार विचार करायला मुभा ठेवली. शतकानुशतके वर्णामुळे ज्यांना बाहेर ठेवले, त्यांना आत घेताना वर्ण पाहू नका म्हणणे मार्शल यांना मान्य नव्हते.

१९८७ मध्ये अमेरिकेने घटनेची द्विशताब्दी साजरी केली. मार्शल त्या वेळी पत्नीच्या माउई बेटावर भाषण करायला गेले होते. मूळ घटना गुलामगिरी पोटात घालूनच जन्मली, ती मोठी झाली ती पुढच्या यादवी युद्धामुळे आणि दुरुस्त्यांमुळे, असे त्यांनी तेथे सांगितले. घटना तिच्या लिहिणाऱ्यांच्या मनाप्रमाणे वाचायची की काळाप्रमाणे, हा अमेरिकी न्यायालयातला मोठा वाद आहे. मार्शल कोणत्या बाजूला होते हे उघड आहे.

आणि १९८८ मध्ये पुन्हा एक बस आली. नॉर्थ डाकोटा राज्यात शाळेपासून सोळा मैलांवर राहणाऱ्या एका गरीब कुटुंबाकडे मुलीच्या बससाठी वर्षाला ९७ डॉलर मागण्यात आले. कुटुंबाने नकार दिला आणि ते न्यायालयात गेले. ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. म्हाताऱ्या मार्शल यांनी विरोधी मत लिहिले. गरिबाच्या मुलाला शाळेच्या दारापर्यंत पोहोचू न देणे त्यांना सहन होत नव्हते. आपल्या बेटावर २००५ पासून विद्यार्थ्यांची बस मोफत आहे, म्हणून हा खटला आपल्या मुलांना चमत्कारिक वाटेल.

प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी जून १९९१ मध्ये निवृत्ती जाहीर केली. २४ जानेवारी १९९३ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात त्यांची शवपेटी ठेवली तेव्हा हजारो लोक थंडीत रांगेत उभे होते.

त्यांच्या जागी आलेले न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस हेही काळे, पण विचाराने अगदी उलट. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांचा वर्ण पाहून प्रवेश देण्याचा मार्ग बंद केला. थॉमस बहुमतात होते. ब्राऊन खटल्याचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला.

एजवूडचे पालक मात्र १९७३ नंतर गप्प बसले नाहीत. केंद्रीय घटना दाद देत नाही तर राज्याची घटना पाहू, म्हणून १९८४ मध्ये ते टेक्सासच्या न्यायालयात गेले, आणि १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे इतर अनेक राज्यांतही शाळांच्या पैशांचे खटले राज्यांच्याच न्यायालयांत चालले. १९७३ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आजवर बदललेला नाही.